तार, आगबोट आणि मुक्कामी गाडी

आलापल्लीचा चौक सोडला की भामरागडची सडक सागवानात शिरते. पेरमिली, ताडगाव, कुडकेली, हेमलकसा अशी गावं मागे टाकत साठ-पासष्ट किलोमीटरांवर ती पर्लकोटा नदीला भिडते. नदीपलीकडे भामरागड. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या तीन नद्यांचा इथं संगम आहे आणि इंद्रावतीच्या पैलतीरावर छत्तीसगड सुरू होतं. जिल्ह्याचं ठाणं गडचिरोली इथून एकशेऐंशी किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे तहसील कचेरीत न होणारं काम घेऊन निघालेल्या माणसाचा एक दिवस जाण्यात, एक येण्यात आणि साहेब जागेवर नसतील तर आणखी एक मुक्कामात जातो.

मित्रहो, वाहनं, यंत्रं, वाहतुकीची शिस्त या विषयांवर आपण बोलतो ते बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या किंवा फार तर नागपूरच्या तोंडानं. सिग्नल, पार्किंग, उड्डाणपूल हे आपले प्रश्न. ते खरे आहेत, नाही असं नाही. पण यंत्र माणसाच्या जगण्यात शिरतं म्हणजे नेमकं काय होतं, हे पाहायचं असेल तर ते जिथं उशिरा आणि अडखळत शिरलं तिथं जाऊन पाहावं, असं माझं मत आहे. चांदा जिल्ह्याचा हा दक्षिण-पूर्वेचा टापू (1982 च्या 26 ऑगस्टला गडचिरोली वेगळा होईपर्यंत तो चांद्यातच होता) त्यासाठी फार बोलका आहे.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. या जंगलात आधुनिक यंत्र आलंच नाही, असं शहरात समजलं जातं. ते खरं नाही. इथं तारखातं आलं ते 1858 च्या आधी. प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी इथं तारखात्याच्या लोकांचा तळ होता. 1857 च्या धामधुमीत तारेनं इंग्रजांना केवढा हात दिला हे आपण शाळेत वाचलेलं आहे. तार म्हणजे सरकारचे कान, हे विरोधात उभ्या राहिलेल्यांनाही समजलेलं होतं. चांदा जिल्ह्यात बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव यांनी उठाव केला, तेव्हा 29 एप्रिल 1858 रोजी चिंचगुंडीच्या त्या तळावर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे तारखात्याचे दोन कर्मचारी मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. पुढं बाबूराव पकडले गेले आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्यांना चांद्याला फाशी देण्यात आलं. म्हणजे या भागातल्या माणसाची आणि दूरसंचाराची पहिली ठळक गाठ पडली ती अशी. तारेवरून इथल्या कुणाचा निरोप कुणाला जायचा नव्हता. इथल्या लोकांविषयीचे निरोप मात्र जायचे होते. आणखी एक गंमत अशी की याच बाबूरावांच्या नावे टपाल खात्यानं 2009 मध्ये तिकीट काढलं. तार आणि टपाल ही कधीकाळची सख्खी भावंडं. एकाच्या तळावर हल्ला झाला आणि दीडशे वर्षांनी दुसऱ्यानं गौरव केला. तारसेवा स्वतः मात्र जुलै 2013 मध्ये बंद पडली.

तारेनंतर आली आगबोट. निदान येणार तरी होती. सर आर्थर कॉटन या इंजिनिअरचं नाव आंध्रातल्या गोदावरीच्या मुखाकडे आजही आदरानं घेतात, कारण धवळेश्वरमचा बंधारा त्यानं बांधला. या कॉटनसाहेबाच्या डोक्यात आणखी एक कल्पना होती. वऱ्हाडचा आणि वर्धेच्या खोऱ्याचा कापूस बैलगाड्यांवर लादून मुंबईला नेण्यापेक्षा वर्धा, प्राणहिता, गोदावरी या नद्यांतून सरळ पूर्व किनाऱ्याला का नेऊ नये? नद्या फुकट वाहतात, बोट स्वस्तात चालते. अडचण एकच. वाटेत खडकांच्या तीन मोठ्या धोंडी होत्या. पहिली दुम्मागुडेमला, दुसरी सिरोंच्याच्या खाली इंचमपल्लीला आणि तिसरी प्राणहितेवर, आजच्या अहेरी तालुक्यातल्या देवलमरीला. तिथं बंधारे घालायचे, बाजूनं कालवे काढायचे आणि पाण्याची दारं बसवून बोटी वर चढवायच्या, असा बेत होता. कॅप्टन हेग नावाचा अधिकारी या कामावर होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं 1861 ते 1865 या काळात हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला, त्यामुळं विलायतेतले गिरणीवाले या योजनेमागे होते. दुम्मागुडेमचं काम बरंचसं झालंही. पण 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोचली आणि 1871 मध्ये सरकारनं नदीचा नाद सोडला.

मला या योजनेत रस आहे तो ती फसली म्हणून नाही. आराखड्यात या प्रदेशाला काय स्थान होतं, ते पाहण्यासारखं आहे म्हणून. कापूस वऱ्हाडचा, बंदर कोकनाड्याकडचं, गिरणी मँचेस्टरची. मधले अहेरी-सिरोंचा म्हणजे केवळ ओलांडून जाण्याचं अंतर! पुढं विसाव्या शतकात याच इंचमपल्लीला धरणाचा बेत झाला आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणमला दुसरा. तेव्हाही वीज आणि पाणी दुसरीकडं जाणार होतं आणि बुडणार होती ती इथली गावं. 1980 च्या दशकात बाबा आमट्यांनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभारलं ते या दोन धरणांविरुद्ध. ती धरणं झाली नाहीत. सिरोंच्यासमोर गोदावरीवर तेलंगणानं मेडिगड्डा बराज मात्र बांधला. 2019 मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांब खचले. कॉटनसाहेबाच्या काळापासून ही नदी इंजिनिअरांचं फारसं ऐकत नाही, असंच म्हणावं लागतं.

पुढचा शंभर वर्षांचा काळ सागाचा आणि बांबूचा. आलापल्लीचा साग देशभर गेला, बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडं गेला. ओंडके ओढायला वनखात्यानं हत्ती पाळले. कमलापूरचा हत्ती कॅम्प त्या काळाची आठवण आहे. 2022 मध्ये हे हत्ती गुजरातला हलवायचं चाललं, तेव्हा कमलापूरच्या लोकांनी कडकडून विरोध केला. हत्तींपाठोपाठ ट्रक आले. जंगलातल्या कच्च्या सडका पडल्या त्या या ट्रकांसाठी. डेपोपासून डेपोपर्यंत रस्ता, आणि गाव वाटेत आलं तर आलं. डोंगरातल्या माडियांचं जग तोवर चाकावाचून चाललेलं होतं. ओझं कावडीनं न्यायचं, नदी डोंग्यानं ओलांडायची आणि आजारी माणूस खाटेवर घालून चौघांनी खांद्यावर घ्यायचा. यातला डोंगा आणि खाट आजही हद्दपार झालेली नाही.

23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, ती गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या कामावर पुस्तकं आली, सिनेमा आला, 2008 मध्ये मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. पण त्या सगळ्या कहाणीत मला एक तपशील महत्त्वाचा वाटतो, तो वाहतुकीचा. पावसाळा लागला की महिनोन्‌महिने हेमलकशाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. वीज यायला पुष्कळ वर्षं लागली. शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात होत. रोगी दोन-दोन दिवस चालत येत. तिथं डॉक्टर आधी पोचला आणि रस्ता मागाहून आला. सर्वसाधारणपणे आपण उलट क्रम धरतो. आधी रस्ता करा, मग दवाखाना, शाळा, मास्तर सगळं आपोआप येईल, असं सांगितलं जातं. आपोआप काही येत नाही. सडक झालेल्या कितीतरी गावांत आरोग्य उपकेंद्राला कुलूप पाहायला मिळतं.

शासनाच्या एका योजनेचं मात्र मला कौतुक आहे. दुर्गम भागातल्या गरोदर बाईनं दिवस भरत आले की आधीच येऊन प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ राहावं, यासाठी 2010-11 च्या सुमारास ‘माहेरघर’ योजना सुरू झाली. नाव सुंदर आहे आणि कल्पनाही व्यवहारी आहे. पण तिच्यात एक कबुलीही दडलेली आहे. ऐनवेळी गाडी तुझ्यापर्यंत पोचेलच असं नाही, म्हणून बाई, तूच आधी ये. जुलै 2024 मध्ये कुडकेलीजवळ नाल्याला पूर आला तेव्हा एका गरोदर बाईला जेसीबीच्या बादलीत बसवून पलीकडं न्यावं लागलं. छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं असेल. सडक बांधायला आणलेलं यंत्र सडकेच्या अभावी रुग्णवाहिका झालं! त्याच महाराष्ट्रात नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग आहे. जून 2025 मध्ये तो पूर्ण खुला झाला आणि मोटारींना तिथं ताशी 120 किलोमीटर वेगाची मुभा आहे. दोन्ही गोष्टी एकाच सार्वजनिक बांधकामाच्या इतिहासात लिहाव्या लागतील.

आता रस्त्याच्या भांडणाकडं वळू. 1980 पासून आंध्रातले नक्षलवादी गट प्राणहिता ओलांडून इकडं आले. त्यानंतरची चार दशकं या जिल्ह्यात रस्ता ही फक्त बांधकामाची बाब राहिली नाही. रस्ता झाला की पोलीस येतील आणि खाणवाले येतील, म्हणून त्यांचा रस्त्याला विरोध. पोलिसांचं म्हणणं, रस्ता नाही म्हणून हे इथं आहेत. कंत्राटदारांची यंत्रं जाळली जात. जुलैअखेरच्या त्यांच्या ‘शहीद सप्ताहा’त झाडं आडवी टाकून वाट बंद केली जाई आणि एसटी आगारातच थांबे. 8 ऑक्टोबर 2009 रोजी भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले. 1 मे 2019 रोजी आधी कुरखेडा तालुक्यात रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून जास्त वाहनं जाळली गेली आणि मग तिकडं निघालेल्या पोलिसांची गाडी जांभुळखेड्याला भूसुरुंगात सापडली. 15 पोलीस गेले, आणि त्यांच्यासोबत खासगी गाडीचा चालकही गेला. भूसुरुंगाच्या भीतीनं या जिल्ह्यात पोलिसांनी शक्यतो वाहनात बसू नये, पायीच जावं, असा दंडकच पडून गेला होता. मोटारीचा शोध लागून शंभर वर्षं उलटल्यावर सरकारचा सशस्त्र माणूस पुन्हा पायी चालू लागला. निवडणुकीची पथकं मात्र हेलिकॉप्टरनं जात. मधलं साधन, म्हणजे साधी गाडी, तेच नेमकं गैरसोयीचं.

या दोघांच्या ओढाताणीत गावकऱ्याला काय हवं होतं, हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही. त्याला रस्ता नको होता हे खरं नाही आणि कसलाही रस्ता चालला असता हेही खरं नाही. एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या लोहखनिजाचा पट्टा 2007 मध्ये दिला गेला. डिसेंबर 2016 मध्ये तिथं सत्तरहून अधिक वाहनं पेटवली गेली आणि 2021 पासून खनिजाचे ट्रक मोठ्या संख्येनं धावू लागले. एटापल्ली-आलापल्ली-आष्टी या सडकेवर सायकलनं शाळेत जाणाऱ्या मुलीला तो रस्ता कुणासाठी आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. रोजगार मिळाला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अवजड वाहनांना वेगळी वाट असावी ही मागणी लोकांनी वारंवार केली. ती मागणी विकासविरोधी नव्हती, वाहतुकीच्या नियोजनाचं ते पहिलं पुस्तकी तत्त्व आहे.

म्हणून मी एसटीकडं वेगळ्या नजरेनं पाहतो. 1 जून 1948 ला पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता, तो पुढं 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर हे जाळं हळूहळू इकडं पसरलं. तार, आगबोट, सागाचा ट्रक, खनिजाचा ट्रक यांनी या प्रदेशातून काहीतरी नेलं किंवा नेणार होते. माणसाला त्याच्या स्वतःच्या कामासाठी, त्याच्या इच्छेनं नेणारं आणि मुख्य म्हणजे परत आणून सोडणारं पहिलं यंत्र ही लाल गाडी. तिच्यातही मुक्कामी गाडीचं स्थान निराळं. अहेरी आगाराची गाडी संध्याकाळी गावात येते, चालक-वाहक तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी निघते. त्यामुळं सकाळी तालुक्याला गेलेला माणूस रात्री घरी पोचू शकतो. वर्तमानपत्राचा गठ्ठा, औषधाची पुडी, मुलाच्या वसतिगृहात पाठवायचा डबा, सगळं त्याच गाडीनं जातं. चालकाला गावातली निम्मी माणसं नावानं ठाऊक असतात. नागरिक म्हणून सरकारशी रोज संबंध येतो तो ना आमदाराशी, ना कलेक्टरशी. तो या खाकी कपड्यांतल्या दोघांशी. ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 एसटीचा संप चालला, तेव्हा शहरातल्या माणसाला रिक्षा होती, ओला-उबर होती. इथं काळीपिवळी जीप, तीही डोक्यावर माणसं घेऊन. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. फार चांगलं झालं. पण जिथं गाडीच जात नाही तिथं अर्ध्या तिकिटाचा निम्मा भाग किती, हे गणित ज्यानं त्यानं मांडावं.

अलीकडं या नकाशात थोडे बदल झाले. 1 जानेवारी 2025 रोजी एटापल्ली तालुक्यात गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर पहिल्यांदा एसटी धावली आणि मुख्यमंत्री स्वतः तिच्यात बसले. त्याच वर्षी जुलैत भामरागड तालुक्यातल्या मरकनारला पहिली बस पोचली. स्वातंत्र्याला 78 वर्षं होत आली होती. ऑक्टोबर 2025 मध्ये भूपती या माओवाद्यांच्या बड्या नेत्यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. भीतीचं सावट उतरलं हे मोठंच काम झालं. पण बस सुरू होणं आणि चालू राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दिवशी हार-तुरे असतात. तोट्यातली फेरी म्हणून ती कागदावर येते त्या दिवशी कुणी येत नाही.

गाडी चालवण्याविषयीही बोललं पाहिजे. तेंदूपत्त्याचे पैसे हाती आले की या भागातला तरुण मोटारसायकल घेतो. एमएच-33 ची पाटी लागते, परवाना मात्र पुष्कळदा नसतो. त्याला बेशिस्त म्हणून मोकळं होणं सोपं आहे. परवान्याच्या कागदांसाठी त्याला किती फेऱ्या घालाव्या लागतात, हे आधी पाहायला हवं. प्रवासी किंवा मालवाहू गाडी चालवायची तर आठवी पास असल्याचा दाखला लागे. केंद्र सरकारनं ही अट 2019 मध्ये काढून टाकली आणि ते योग्यच झालं, असं मला वाटतं. आठवीच्या गुणपत्रिकेवरून वळणावर ब्रेक कधी लावावा ते कळत नाही. पण दाखला गेला त्या जागी शिकवणं यायला हवं होतं. गुळगुळीत सडक झाली की वेग वाढतो, डोक्यावर हेल्मेट नसतं आणि बैल आडवा येतो. देशात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं मेली. खड्ड्यांच्या वाटेनं ज्यांना वाचवलं होतं त्यांना चांगल्या रस्त्यानं मारू नये, एवढी तरी काळजी घेता येईल. शिकवणी शिबिरं गावात घ्यावीत, माडियातून घ्यावीत. पाट्यांवर अक्षरांपेक्षा चित्रं असावीत. यात खर्च फार नाही.

मोबाइलचंही तेच. टॉवर आले, पण आता दर कामाला अंगठा आणि ओटीपी लागतो. रेशनला अंगठा. लाडकी बहीण योजनेला 2025 मध्ये ई-केवायसी आली. पूर्वी कचेरी दूर होती, आता कचेरी टेकडीवर चढलं की हाताशी येते आणि खाली उतरलं की नाहीशी होते. पोलिसांनी ठाण्यांमधून ‘दादालोरा खिडकी’ काढून दाखले, आधार वगैरे कामं करून दिली, त्याचा लोकांना उपयोग झाला. तरीही जातीचा दाखला पोलीस ठाण्यातून मिळावा ही काही लोकशाहीतली नेहमीची व्यवस्था म्हणता येणार नाही. ते काम तलाठ्याचं आणि तहसीलदाराचं आहे.

रस्ते का रखडतात, याचं एक उत्तर हटकून दिलं जातं. वनकायदा. 1980 च्या कायद्यानं वनजमीन दुसऱ्या कामाला घ्यायची तर केंद्राची परवानगी लागते, हे बरोबर आहे. पण 2006 च्या वनहक्क कायद्यात एक तरतूद आहे. शाळा, दवाखाना, रस्ता अशा सार्वजनिक सोयींसाठी प्रत्येक ठिकाणी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीनं घेता येते. म्हणजे आपल्या पाड्याला वाट कुठून हवी आणि कुठली झाडं राहिली पाहिजेत, यात गावाचा शब्द कायद्यानं धरलेला आहे. तार आणि आगबोटीच्या वेळी हे नव्हतं. अंदाजपत्रक करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला आणि ग्रामसेवकाला ही तरतूद तोंडपाठ असली पाहिजे.

पर्लकोटेवरचा जुना पूल ठेंगणा आहे, इकडच्या बोलीत रपटाच म्हणायचा. 2019 च्या पावसाळ्यात तो अनेकदा बुडाला, बाजारपेठेत पाणी शिरलं आणि शंभरावर गावं तुटली. 2025 च्या ऑगस्टमध्येही तो बुडाला. शेजारी उंच पुलाचं काम तेव्हा चालूच होतं. भामरागडवरून जाणाऱ्या या सडकेला आता राष्ट्रीय महामार्ग 130-डी असं नाव आहे. कागदावर तो आलापल्लीहून निघून हेमलकसा, भामरागड, धोडराज, लाहेरी, बिनागुंडा असा थेट छत्तीसगडातल्या नारायणपूर-कोंडागावपर्यंत जातो. बिनागुंड्याच्या बाजूच्या गावांना पावसाळ्याचं चार महिन्यांचं धान्य आधीच पोचवून ठेवण्याची पद्धत आहे. महामार्गाची रेघ नकाशावर आल्यानंतरही ती सुरूच राहिली. मे महिना संपण्याआधी तो ट्रक लाहेरीच्या पुढं गेला का, एवढी चौकशी दर वर्षी करावी लागते.